तोतया चरित्रे आणि समीक्षेचे सोयीस्कर मौन

चरित्र हेही अखेर एक कथनच, आणि कथन म्हटले की कल्पित आलेच, हे विधान आपल्या समीक्षेत गेली तीसेक वर्षे इतक्या सहजपणे केले जाते, की त्याला आता कोणी पुरावाही मागत नाही. हेडन व्हाइटच्या १९७३च्या 'मेटाहिस्टरी'चा आधार घ्यायचा, बार्थने जाहीर केलेल्या लेखकाच्या मृत्यूचा दाखला द्यायचा, देरिदाच्या एका वाक्याचे आपल्याकडे प्रचलित झालेले सुलभ रूप पुढे करायचे आणि चरित्र व कादंबरी यांमधील सीमारेषा पुसली गेल्याचे चर्चासत्रात घोषित करायचे, असा हा परिपाठ आहे. टाळ्या पडतात, चहा होतो आणि सर्वजण पुढच्या सत्राला जातात. या विधानाची प्रत्यक्ष परीक्षा घेणारे एक क्षेत्र मात्र गेल्या वीस वर्षांत आपल्या डोळ्यांसमोर उभे राहिले आहे, आणि आपल्या सिद्धांतकारांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. विकिपीडिया या कोणीही लिहावा व कोणीही दुरुस्त करावा अशा ज्ञानकोशात अस्तित्वात नसलेल्या माणसांची चरित्रे घुसवली जातात, आणि ती हुडकून काढण्याचे काम काही अनाम स्वयंसेवक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. हे हुडकणे हा एक अस्सल समीक्षाव्यापार आहे, आणि आपल्या प्रतिष्ठित सिद्धांताला तो करता येत नाही, एवढेच नव्हे तर तो का करावा हेही सांगता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

अशा चरित्रांना मराठीत नाव शोधायला फार लांब जावे लागत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला आणि पुण्यात चौकशी होऊन ज्याला १७७६मध्ये देहदंड झाला, त्याला आपण तोतया म्हणतो. त्या तोतयाजवळ देह होता, पण तो सांगत होता ते आयुष्य त्याचे नव्हते. विकिपीडियावरील तोतया चरित्रात आयुष्य असते, पण देह नसतो. पहिल्या प्रकारात साक्षीदार बोलावता येतात. दुसऱ्या प्रकारात कोणाला बोलवायचे, हाच प्रश्न आहे.

एक प्रकरण थोडे विस्ताराने पाहू. २०१२मध्ये ब्रिटनमधील काही विद्यार्थ्यांनी केवळ गंमत म्हणून इंग्रजी विकिपीडियावर अॅलन मॅकमास्टर्स या एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश शास्त्रज्ञाचे चरित्र रचले. हा गृहस्थ एडिंबरा येथे जन्मला आणि १८९३मध्ये त्याने विजेवर चालणारा पहिला टोस्टर तयार केला, असे त्यात नमूद होते. सोबत जुनाट दिसणारे एक छायाचित्रही होते. ते वस्तुतः त्याच मंडळींपैकी एकाचे होते आणि संगणकावर त्याला जुनेपणाचा मुलामा देण्यात आला होता. हे चरित्र दहा वर्षे टिकले. या काळात मॅकमास्टर्स वृत्तपत्रांत आला, पुस्तकांत आला, स्कॉटलंडमधील एका प्राथमिक शाळेने त्याच्या नावाने एक दिवस साजरा केला, आणि बँक ऑफ इंग्लंडने पन्नास पौंडांच्या नोटेसाठी लोकांकडून शास्त्रज्ञांची नावे मागवली तेव्हा आलेल्या नावांच्या यादीतही तो झळकला. (नोटेवर अखेरीस दुसराच अॅलन, म्हणजे ट्युरिंग, आला हे ब्रिटिश चलनाचे सुदैव.) २०२२मध्ये एका शाळकरी मुलाला ते छायाचित्र संशयास्पद वाटले आणि तेथून सारा डोलारा कोसळला.

या मुलाने नेमके काय केले, ते आपल्या परिभाषेत मांडून पाहावे. त्याने चरित्राच्या संहितेचे सूक्ष्म वाचन केले नाही. तसे केले असते तरी हाती काही लागले नसते, कारण संहिता निर्दोष होती. जन्म, शिक्षण, एक कल्पना, काही अडथळे, यश आणि विस्मरण हा शास्त्रज्ञचरित्राचा सारा रूपबंध तिच्यात यथास्थित होता, किंबहुना खऱ्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांत असतो त्याहून अधिक नेटका होता. मुलाची नजर चित्राच्या आशयावर नव्हती. हे चित्र कशाने आणि केव्हा तयार झाले असावे, हा त्याचा प्रश्न होता. कागद, शाई, बनावट, हाताचे वळण हे ज्या विद्येचे विषय, ती पाठचिकित्सेची विद्या होय. वाङ्मयसिद्धांताने तिला गेल्या अर्धशतकात तळघरातील कारकुनीचा दर्जा दिला आहे. त्या कारकुनीनेच येथे काम केले.

'कोणीही लिहू शकतो म्हणून असे होते' असा एक निष्कर्ष यावर झटकन काढला जातो, आणि प्राध्यापकवर्गाला तो विशेष प्रिय असतो. तो चूक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅपलटनच्या अमेरिकन चरित्रकोशाला संपादकमंडळ होते, नामांकित प्रकाशक होता, वर्गणीदार होते. लेखनिकांना मजकुराच्या लांबीप्रमाणे मोबदला मिळे आणि नव्या नोंदी सुचवण्याची मुभाही असे. परिणाम व्हायचा तोच झाला. अमेरिकेत येऊन वनस्पती गोळा करून गेलेले, परत जाऊन भारदस्त ग्रंथ लिहिलेले, पण पृथ्वीतलावर कधीच न वावरलेले युरोपीय विद्वान त्या कोशात निवांत राहू लागले. १९१९मध्ये जॉन हेंडली बार्नहार्ट या वनस्पतिशास्त्राच्या सूचिकाराने त्यांपैकी चौदा जणांना उघडे पाडले, म्हणजे कोश प्रसिद्ध होऊन तीस वर्षे उलटल्यावर. १९३७मध्ये मार्गारेट शिंडलर यांनी हा शोध पुढे नेला तेव्हा ही संख्या चाळीसच्या वर गेली. बार्नहार्टला संशय आला तो शैलीवरून नव्हे. जगातील वनस्पतिविषयक ग्रंथांची सूची करणे हेच त्याचे आयुष्य होते, आणि या चरित्रनायकांचे ग्रंथ त्याला कोणत्याही ग्रंथालयात, कोणत्याही सूचीत सापडत नव्हते. छापील, संपादित, पगारी कोशात तीस वर्षे, आणि खुल्या कोशात दहा. खुलेपणाला दोष देणाऱ्यांनी ही वजाबाकी करून पाहावी.

अशा विषयात बोर्हेसचे नाव घेणे हा आता एक शिष्टाचार झाला आहे. त्याच्या १९४०च्या त्या कथेत ज्ञानकोशाच्या एकाच प्रतीत एका नसलेल्या देशाची नोंद सापडते, हे खरे. पण त्या कथेचा उल्लेख झाला की विचार थांबतो आणि विस्मयाचा आस्वाद सुरू होतो, असा अनुभव आहे. वाङ्मयीन बनाव आणि कोशातील बनाव यांतील फरक येथे नजरेआड होतो. विल्यम बॉइडने १९९८मध्ये नॅट टेट या नसलेल्या अमेरिकन चित्रकाराचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा चित्रकाराच्या नावातच लंडनमधील नॅशनल गॅलरी आणि टेट गॅलरी ही दोन नावे दडवली होती. न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडियाच्या १९७५च्या आवृत्तीतील लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल ही छायाचित्रकार स्फोटक पदार्थांना वाहिलेल्या एका मासिकाच्या कामावर असताना स्फोटात मरण पावते. हे बनाव डोळा मिचकावतात. ते उघडे पडावेत म्हणूनच रचलेले असतात, आणि उघडे पडल्यावर त्यांचा अर्थ पूर्ण होतो. मॅकमास्टर्सचा अर्थ मात्र उघडा पडताच नाहीसा झाला, कारण त्याला अर्थ असा नव्हताच. त्याला फक्त एक जागा होती, आणि ती दुसऱ्या कोणाची तरी होती. कल्पित आणि खोटे या दोहोंत भेद करता न येणाऱ्या सिद्धांताला हा फरक मांडता येत नाही, आणि त्या सिद्धांताविषयीची आमची मुख्य तक्रार हीच आहे. १९९६मध्ये अॅलन सोकलचा बनावट लेख एका सिद्धांतवादी नियतकालिकाने छापला, तेव्हाच या तक्रारीचा पुरेसा विचार व्हायला हवा होता. त्याऐवजी सोकलच्या हेतूंची चर्चा झाली.

खऱ्या माणसाविषयी खोटे लिहिले, तर निदान तक्रार करायला तो माणूस असतो. जॉन सायगेन्थालर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराचा संबंध २००५मध्ये विकिपीडियावर केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडण्यात आला. तो मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. पुढे सायगेन्थालर यांनी स्वतः वृत्तपत्रात लेख लिहिला, गदारोळ झाला, आणि इंग्रजी विकिपीडियाने नाव न नोंदवलेल्या व्यक्तींना नवे लेख सुरू करण्यास मनाई केली. नसलेल्या माणसाला अब्रू नसते, वारस नसतात, वकील नसतो. त्याच्या चरित्राने दुखावलेला पक्षच कोर्टात हजर नसतो. म्हणून असे चरित्र तपासण्याची जबाबदारी अन्य कोणावर नसून वाचकावर येते. येथे वाचक म्हणजे वाचक-प्रतिसाद सिद्धांतातील अर्थनिर्मितीत रमलेला वाचक अभिप्रेत नाही. ग्रंथालयात जाऊन तो ग्रंथ मागणारा वाचक अभिप्रेत आहे.

या दोन वाचकांमध्ये किती अंतर आहे, ते २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आकड्यांत दिसले. श्रीजन कुमार, रॉबर्ट वेस्ट आणि युरे लेस्कोवेक या संगणकशास्त्रज्ञांनी विकिपीडियावरील वीस हजारांहून अधिक बनावट लेखांचा धांडोळा घेतला. बहुतेक बनाव लवकर पकडले जातात, थोडे मात्र दीर्घकाळ टिकतात आणि सर्वदूर उद्धृत होतात, असे त्यांना आढळले. नंतर त्यांनी माणसांपुढे एक खरा व एक बनावट असे दोन लेख शेजारी शेजारी ठेवले आणि बनावट कोणता ते ओळखायला सांगितले. डोळे मिटून बोट ठेवले तरी निम्मी उत्तरे बरोबर यायची. माणसांची ६६ टक्के आली. त्यांच्या संगणकीय पद्धतीची ८६ टक्के. माणसे फसली ती रूपाला. लेख लांबलचक असेल, उपशीर्षके, तळटीपा आणि दुवे यांनी नटलेला असेल, तर तो त्यांना खरा वाटला. आखूड आणि अनाकर्षक खरे लेख बनावट वाटले. यंत्राने निराळ्याच गोष्टी पाहिल्या. या नावाचा उल्लेख हा लेख तयार होण्यापूर्वी अन्य लेखांत कोठे होता काय, हा लेख ज्यांचे दुवे देतो त्या गोष्टी एकमेकींशी संबंधित आहेत काय, आणि लेख निर्माण करणारा काल आलेला आहे की जुना जाणता, असे त्याचे प्रश्न होते.

यंत्राच्या या यादीतील प्रत्येक गोष्ट संहितेबाहेरची आहे, हे येथे ठळकपणे नोंदवले पाहिजे. पूर्वोल्लेख, संदर्भांचे जाळे आणि कर्ता. ज्या कर्त्याला आपण १९६०च्या दशकाच्या अखेरीस समारंभपूर्वक मूठमाती दिली, त्याची पानाच्या इतिहासातील नोंद हा बनाव ओळखण्याचा एक भरवशाचा पुरावा ठरतो. संहितेच्या स्वायत्ततेवर पोसलेले वाचन हे रूपाला भुलणारे वाचन असते, आणि रूपाला भुलणे हीच फसवणुकीची पूर्वअट आहे. आमच्या रूपवादी समीक्षेला आणि तिला हटवून आलेल्या उत्तर-संरचनावादालाही हे सारखेच लागू आहे. दोघांची भांडणे पुष्कळ असली, तरी ग्रंथालयात जायचे नाही याविषयी दोघांचे एकमत आहे.

आता एका प्रकरणाकडे वळतो, जे आपल्या अंगणातील आहे. ते चरित्र नसून एका युद्धाची हकीकत होती, पण बनावाची जात तीच. जुलै २००७मध्ये इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या संघर्षाविषयी एक दीर्घ लेख अवतरला. १६४० ते १६४१ या काळात गोव्याचे पोर्तुगीज राज्यकर्ते आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली परिसरात अघोषित युद्ध झाले आणि ते तहाने संपले, असे त्यात साधार वाटेल अशा रीतीने सांगितले होते. दोन महिन्यांच्या आत या लेखाला 'चांगला लेख' हे मानचिन्ह मिळाले. त्याहून वरच्या मानासाठी त्याची शिफारस झाली, ती मात्र फेटाळली गेली. हे मानचिन्ह मिरवत तो पाच वर्षांहून अधिक काळ तेथे होता. अखेरीस २०१२च्या डिसेंबरात एका संपादकाने त्यातील संदर्भग्रंथ शोधायला घेतले. ते ग्रंथ अस्तित्वातच नव्हते, आणि लेख काढून टाकण्यात आला.

१६४० साली शिवाजी दहा वर्षांचा होता. शहाजी आदिलशाहीच्या चाकरीत होता आणि डिचोली आदिलशाहीच्या ताब्यात. मराठा साम्राज्य तर दूरच, तोरण्यावरही कोणी पाऊल ठेवले नव्हते. ज्या मुलाने महाराष्ट्रात चौथीचे इतिहासाचे पुस्तक वाचले आहे, त्याला त्या लेखाचे पहिले वाक्य अडखळायला लावण्यास पुरेसे होते. खरा संघर्ष पाहायचा तर तो पुढचा आहे. शिवाजीने १६६८मध्ये डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, १६८३मध्ये संभाजीने पोर्तुगिजांना जेरीस आणले, आणि डिचोली पोर्तुगिजांच्या हाती लागली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजातींत. हे सारे मराठीत आणि कोंकणी-पोर्तुगीज अभ्यासात नोंदलेले होते. असे असताना पाच वर्षे कोणाला का दिसले नाही? मानचिन्ह देणाऱ्यांनी रचना पाहिली, भाषा पाहिली, तटस्थता पाहिली आणि तळटीपा मोजल्या, म्हणजे संहितानिष्ठ समीक्षेचे सर्व निकष लावले. त्यांना मराठी येत नव्हते, हा त्यांचा अपराध नाही. ज्यांना येत होते त्यांनी काय केले? एक तर त्यांनी तो लेख वाचला नाही, किंवा वाचला आणि इंग्रजी ज्ञानकोश सांगतो त्याअर्थी आपल्या शाळेतच काहीतरी शिकवायचे राहिले असेल असे मानले. यांतील दुसरी शक्यता पहिलीपेक्षा अधिक खिन्न करणारी आहे. देशीयतेवर आपण ग्रंथ लिहिले, परिसंवाद घेतले. देशी ज्ञान वापरून परभाषेतील एक खोटे वाक्य खोडण्याची संधी पाच वर्षे दारात उभी होती, तेव्हा आपण घरात नव्हतो.

वास्तविक या कामाची परंपरा आपल्याकडे नाही असे म्हणता येत नाही. राजवाड्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो अस्सल पत्रांचा, आणि त्या पत्रांच्या कसोटीवर बखरींतील तपशील घासून पाहिले. 'नामा म्हणे' या मुद्रेखाली एकत्र झालेल्या अभंगांतून विष्णुदास नाम्याचे अभंग वेगळे काढण्यासाठी अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. त्याच सुमारास 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता एक नव्हे असा दावा केला. तो दावा आज कोणी मानो न मानो, त्या वादात भाषा, काळ आणि उल्लेख यांची जी झडती झाली, ती आजच्या कोणत्याही बनाव-शोधकाला मार्गदर्शक ठरेल. आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा १९३२चा 'प्राचीन चरित्रकोश' तर या विषयातील अपूर्व उदाहरण आहे. त्यात ऋषी आहेत, राजे आहेत, राक्षस आहेत. आधुनिक अर्थाने त्यांतील किती जण 'होऊन गेले' हा प्रश्न विचारणेही अप्रस्तुत. पण जवळजवळ प्रत्येक विधानापुढे कोणत्या ग्रंथात, कोणत्या ठिकाणी, याचा निर्देश आहे. चित्राव आपल्याला कोणत्याही राक्षसाबाबत फसवत नाहीत. चरित्रकोशाचा वाचकाशी होणारा करार नायकाच्या हाडामांसाविषयी नसतो, तो 'हे मी अमुक ठिकाणाहून घेतले' या साक्षीविषयी असतो. चरित्र कल्पित की वास्तव या प्रश्नावर कागद खर्ची घालणाऱ्यांनी हा करार कधी वाचलेला दिसत नाही.

तो करार मोडण्याचे सर्वांत धूर्त तंत्र म्हणजे साक्षीचे वर्तुळ. २००९च्या फेब्रुवारीत जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची मंत्रिपदी निवड झाली. त्यांच्या लांबलचक सरदारी नावांच्या मालिकेत कोणीतरी जर्मन विकिपीडियावर एक 'विल्हेल्म' घुसवला. वृत्तपत्रांनी तो उचलला. मग विकिपीडियावर शंका निघाली, तेव्हा पुरावा म्हणून तीच वृत्तपत्रे दाखवण्यात आली. पुढच्याच महिन्यात संगीतकार मोरिस जार यांच्या निधनानंतर एका विद्यार्थ्याने त्यांच्या तोंडी स्वतः रचलेले वाक्य घातले. विकिपीडियाच्या संपादकांनी आधार नाही म्हणून ते काढून टाकले, परंतु तोवर प्रतिष्ठित वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत ते छापून गेले होते आणि तेथे आठवड्यांमागून आठवडे राहिले. येथे खुल्या कोशाची गस्त पगारी संपादकांहून अधिक जागी होती. साक्षीदार किती आहेत हे मोजून भागत नाही, ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत काय हे पाहावे लागते. हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्याला हे तत्त्व पहिल्या दिवशी शिकवतात. दहा पोथ्या एकाच पोथीच्या नकला असतील, तर ती साक्ष एकच.

चिनी विकिपीडियावरील प्रकरण आपल्या कादंबरीकारांना आवडावे. 'झेमाओ' या नावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने २०१२पासून दहा वर्षांत मध्ययुगीन रशियाविषयी दोनशेहून अधिक लेख रचले किंवा त्यांत भर घातली. नसलेल्या लढाया, नसलेले सरदार, काशिन येथील नसलेली चांदीची खाण, आणि हे सारे एकमेकांना आधार देणारे. म्हणजे संदर्भांचे जाळे तपासणाऱ्यालाही चकवील असे जाळे. २०२२मध्ये हे उघडकीस आणले ते यिफान या कादंबरीकाराने. स्वतःच्या लेखनासाठी साहित्य शोधताना तो त्या खाणीपाशी आला आणि तिचे संदर्भ रशियन जाणणाऱ्यांकडून तपासून घेऊ लागला. ज्याचा व्यवसायच कल्पित रचण्याचा, त्याला खऱ्याची निकड भासली. सीमारेषा पुसल्याची घोषणा समीक्षक करतात, लेखक मात्र तिच्यावरून रोज ये-जा करीत असल्याने ती कोठे आहे हे त्याला नेमके ठाऊक असते.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की मग यंत्रालाच हे काम द्यावे, ८६ टक्के काही वाईट नाहीत. या समाधानावरही आमचा आक्षेप आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. यंत्राच्या कसोट्या पुन्हा पाहा. पूर्वोल्लेख नाही, अन्य लेखांतून दुवे नाहीत, लिहिणारा नवखा आहे. आता कल्पना करा, की १९७४ साली असा खुला ज्ञानकोश असता आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची नोंद कोणी केली असती. १८८२चे एक पुस्तक, 'स्त्रीपुरुष तुलना'. त्यानंतर दुसरे नाही. वाङ्मयेतिहासांतून जवळजवळ अनुल्लेख. आयुष्याचे तपशील मूठभर. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक १९७५मध्ये पुन्हा उजेडात आणले, म्हणून आज आपण त्याला स्त्रीवादी विचाराचे आद्य लेखन म्हणतो. आदल्या वर्षी मात्र त्या नोंदीला यंत्राने बनावट ठरवले असते, आणि कसोट्यांप्रमाणे ते चूकही नसते. फुले यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील मुलीचा १८५५मध्ये 'ज्ञानोदया'त छापलेला निबंध आणि तिचे तेवढेच चरित्र, यांची गत वेगळी झाली नसती. ही भीती काल्पनिक नाही. डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८च्या ऑक्टोबरात भौतिकीचे नोबेल मिळाले, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांची नोंद नव्हती. काही महिन्यांपूर्वी सादर झालेला मसुदा पुरेसे स्वतंत्र आधार नाहीत म्हणून परत गेला होता.

खोट्याचे लक्षण आणि उपेक्षिताचे लक्षण एकच असते, ही या साऱ्या प्रकरणातील खरी अडचण आहे. ज्यांच्याविषयी लिहिले गेले नाही, त्यांच्यात कधी नसलेली माणसे असतात आणि कधी ज्यांना लिहिणाऱ्यांनी वगळले अशी असलेली माणसे असतात. दोघांना वेगळे करण्याचे काम यंत्राला जमत नाही, कारण त्यासाठी न जोडलेला आधार शोधून जोडावा लागतो. आमच्या सिद्धांतालाही ते जमत नाही, कारण त्याच्या लेखी दोघेही सारखेच कथनोत्पन्न. वगळलेल्यांच्या बाजूने उभे असल्याचे सांगणारी समीक्षा जेव्हा सर्व चरित्रे सारखीच कल्पित असल्याचे सांगते, तेव्हा ताराबाईंना ती मॅकमास्टर्सच्या शेजारी बसवते. हे करताना तिला संकोच वाटत नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

गेल्या दोनतीन वर्षांत हे अधिक तातडीचे झाले आहे. २०२२च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेली भाषायंत्रे मागाल त्याचे चरित्र क्षणात लिहून देतात, आणि वर नसलेल्या ग्रंथांचे, नसलेल्या पृष्ठांचे संदर्भही. डिचोलीच्या लेखकाला जे रचायला श्रम पडले असतील, ते आता फुकट आहे. इंग्रजी विकिपीडियाने २०२५मध्ये अशा पानांना तात्काळ काढण्याचा नियम केला, आणि नसलेले संदर्भ ही त्यातील एक खूण. तेथे तपासणारे हजारो आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ते मोजके आहेत, आणि त्यांना लागणारी साधने आपण पुरवलेली नाहीत. शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील ग्रंथांचा माग देते. एकोणिसाव्या शतकातील कोणा कवीची सात काव्ये कोशात नोंदलेली दिसली, तर दात्यांची पाने उलटणे हे बार्नहार्टने केले त्याच जातीचे काम आहे. आमच्या मराठी विभागांतील किती विद्यार्थ्यांना ती सूची हातात घेऊन पाहायला सांगितले जाते? फुकोचे दोन उतारे मात्र अनिवार्य असतात.

ताराबाईंच्या बाबतीत न जोडलेला तो आधार होता. १८८५मध्ये 'सत्सार'मध्ये जोतीराव फुले यांनी त्यांच्या पुस्तकाची बाजू घेतली होती. तो उल्लेख पुस्तकाच्या कर्तीपासून स्वतंत्र होता, समकालीन होता आणि छापील होता. डिचोलीच्या साऱ्या तळटीपांपेक्षा त्या एका उल्लेखाचे वजन अधिक भरते. पण फडावर उभे राहून लावणी म्हणणाऱ्या आणि शेवटच्या चरणातील नाममुद्रेखेरीज स्वतःची कोठेही नोंद नसलेल्या शाहिरांना, कलावंतिणींना असा जोतीराव लाभला नाही. त्यांच्या साक्षी माणसांच्या तोंडी आहेत, माणसे ऐंशी-नव्वदीची आहेत, आणि ज्ञानकोशाच्या आधारांच्या रकान्यात तोंडी साक्ष कशी लिहावी हे अद्याप कोणी ठरवलेले नाही.